जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन देणारे शहागंजचे चाचा, आणि आमची ‘लाईट गेली’ (चार स्टार)

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही. चाचांनीच हात जोडून सांगितलंय, "दादा, नेटवर नाव टाकू नका, मी एकटा माणूस, कॅसेट वाजवायचा डेक एकच, दहा फोन आले की हातातलं काम बी राहतं." मग रिव्ह्यू कशाला लिहूलालास म्हणाल तर ज्याच्याकडं खरंच जुन्या कॅसेटी पडून आहेत त्यानं संभाजीनगरला शहागंजच्या घड्याळापाशी उभं राहून टेपवाले चाचा कुठं बसतात एवढं विचारावं, कुणीबी बोट दाखवील. आणि खरं कारण म्हणजे ह्या एका कॅसेटीपायी मी गेलं वर्षभर जे काय भोगलंय ते वाचून कुणाची तरी कॅसेट वाचली तर वाचली.

कॅसेट कसली ते सांगितल्याशिवाय काम चांगलं झालं का वाईट ते कळायचं नाही, म्हणून जरा मागं जातो.

1996 साल, गाव औसा. मी अकरावीला, मावसभाऊ दहावीत गणितात गेलेला म्हणून आमच्याकडंच पडीक. दोघांनी मिळून एक सी-60, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट भरली, तिला आम्ही अल्बम म्हणायचो. त्यात गाणं म्हणून एक बी नाही. हापसा, पिठाची गिरणी, लातूरची छोटी रेल्वे, आज्जीचं जातं, परभणी आकाशवाणी आणि तिच्या शेजारच्या स्टेशनच्या मधली खरखर, घागरीत तोंड घालून ओरडणं, असलं सगळं. कव्हरवर स्केचपेननं लिहिलं होतं ‘लाईट गेली’, खाली दोघांची नावं आणि ‘सर्व हक्क राखीव’. आज हसू येतं पण तवा ते लिहिताना आमचे चेहरे बघायला पाहिजे होते.

स्टुडिओ कुठला, तर माळवदाची, म्हणजे वर मातीचं जड छत असलेली खोली. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, किल्लारी आमच्याच तालुक्यात. त्यात माणसं मेली ती जास्त करून दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊनच, जवळपास दहा हजार माणूस गेलं. आमचं घर राहिलं, नुसत्या भेगा पडल्या, पण वडलांनी त्या दिवसापासून माळवदाच्या खोलीत झोपायला बंदी केली. सगळे पुढच्या पत्र्यात झोपायला लागले आणि ती खोली ज्वारीची पोती, जुन्या गोधड्या आणि कुणाला नको असलेल्या सामानाची झाली. झोपायला बंदी होती, बसायला नव्हती, असा आम्ही त्याचा अर्थ काढला. आता स्वतः बाप झाल्यावर त्या खोलीतले आमचे तासन्‌तास आठवले की पोटात गोळा येतो, पण आवाजासाठी तसली खोली मी पुन्हा कुठं पाहिली नाही. हात-दीड हात जाड भिंती, वर माती, आत पोती, टाळी वाजवली तर तिथल्या तिथं मरायची. पत्र्यात तीच टाळी तीनदा ऐकू यायची. पुढं साउंडचं काम करणाऱ्या एका दोस्तानं सांगितलं की स्टुडिओवाले पैसे घालून फोम लावतात ते तुम्ही ज्वारीवर भागवलं.

मशिनी दोन. एक मामांनी सौदीहून आणलेला नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकात, मोनो (डाव्या-उजव्याला एकच आवाज), माईक आतच. दुसरा शेजारच्या मास्तरांचा आडवा टेप, बटणं पुढं असलेला, तो मास्तर पाठ्यपुस्तकातल्या कविता वाजवायला शाळेत न्यायचे आणि सुट्टीत आमच्याकडं यायचा.

हे भांडवल. आता वर्तमानात येतो.

मागच्या दिवाळीत ट्रंक साफ करताना कॅसेट सापडली. घरात टेप राहिलेला नाही, म्हणून नेटवर बघून एका मोठ्या शहरातल्या सर्व्हिसला कुरिअर केली. नाव घेत नाही, त्यांनी त्यांच्या परीनं काम केलं असंल. कॅसेटला 400 रुपये, आणि ‘नॉइज रिडक्शन फ्री’. हे फ्री बघून आपण भुललो हो. पंधरा दिवसांनी लिंक आली, 58 मिनिटांच्या कॅसेटीतली 31 मिनिटं परत आली होती. बाकीची कुठं गेली विचारलं तर म्हणे सर तिथं काहीच नव्हतं, ब्लँक होतं. ब्लँक! आम्ही दोघं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत श्वास धरून बसलेलो ते ब्लँक. जे राहिलं होतं ते बी पाण्याखालून बोलल्यासारखं, कारण खरखर काढणारं सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा आवाज धरतं आणि सगळीकडून तेवढा वजा करत जातं, आणि आमच्या कॅसेटीत तर एकसारखा चालणारा आवाज हाच माल होता. गिरणी वजा, रातकिडे वजा, पत्र्यावरचा पाऊस वजा. उरलं काय तर मधनंच आमचं खोकणं. वर एमपीथ्री, म्हणजे आवाज दाबून लहान केलेली फाईल.

मग मी स्वतःच करायचं ठरवलं आणि ऑनलाईन एक यूएसबीवाला छोटा प्लेअर मागवला, अठराशेच्या आसपास, कंपनीचं नावच नाही त्याच्यावर. ह्याचा रिव्ह्यू एका वाक्यात: घेऊ नका. चाकाचा वेग स्थिर राहत नाही, सरळ सूर लावला तरी डुलतो, लॅपटॉपचं चार्जर लावलं की गुंऽऽ करतो, आणि माझं नशीब म्हणून मी आधी आरत्यांची कॅसेट घालून बघितली तर तिची रीळ त्यानं चावून बाहेर काढली. आईनं दोन दिवस तोंड फिरवलं माझ्याकडनं ते वेगळंच.

शेवटी एका ओळखीच्या हार्मोनियमवाल्यानं चाचांचा पत्ता दिला. लातूरहून एसटी धरली, अंबाजोगाई-केज-बीड करत, मांजरसुंब्याला चहा, कॅसेट शर्टाच्या खिशात, बॅगेत ठेवायची हिंमत होईना.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक खुर्ची, त्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं की चाचा उभे. भिंतीला उघडे रेडिओ, एका डब्यात नुसते बेल्ट, एका डब्यात नुसते रबरी रोलर, आणि फडक्यानं झाकलेला सोनीचा जुना डेक. त्याच्या शेजारी लॅपटॉप, तो मात्र नवा. चाचांचं वय सत्तरीच्या पुढं असंल. कॅसेट हातात घेतली, उजेडात धरली, वास घेतला (खरंच घेतला, बुरशीचा वास येतो म्हणे, आपल्याकडच्या कोरड्या हवेत कमी लागते, कोकणातल्या कॅसेटी बघवत नाहीत) आणि पहिला प्रश्न विचारला तो मी जन्मभर विसरणार नाही.

"ह्यात काढायचं काय आणि ठेवायचं काय?"

म्हणलं चाचा, सगळं ठेवायचं. खरखर बी. तर म्हणले, "खरखर दोन जातीची असती दादा. एक तुम्ही भरताना आत गेलेली आणि एक माझ्या मशीनची. माझी मी काढतो, तुमची तुमच्यापाशी."

ह्या एका वाक्याला मी तीन स्टार देतो.

कामाचं सविस्तर सांगतो कारण तिथंच फरक पडतो. आमची कॅसेट बिनस्क्रूची, चिकटवलेली. आतली स्पंजची बारीक गादी, जी रीळ हेडला, म्हणजे टेपमधल्या आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागाला, दाबून धरते, ती डिंक सुकून निसटली होती. चाचांनी ब्लेडनं खोका उकलला, दोन्ही चकत्या उचलून एका पाच स्क्रूच्या चांगल्या खोक्यात बसवल्या, गादी त्या खोक्याचीच. मागच्या बाजूचे दोन्ही प्लॅस्टिकचे कान आम्ही तवाच तोडले होते, कुणी वरून भरू नये म्हणून, आणि त्यामुळंच ही एक वाचली. बाकीच्या कॉप्यांचं काय झालं ते पुढं सांगतो. मग पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं एकदा गुंडाळून घेतली, इतकी वर्षं एकाच जागी बसलेली रीळ मोकळी व्हावी म्हणून. हे सगळं झाल्यावर वाजवली तर आवाज आला, पण दबका, घोंगडीखालून आल्यासारखा. मी म्हणलं गेली वाटतं. चाचा हसले आणि डेकच्या पुढच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घातला.

ही गोष्ट मला माहीत नव्हती, सगळ्यांना माहीत पाहिजे. ज्या टेपवर कॅसेट भरली त्याचं हेड केसभर जरी तिरकं असलं तरी रिळीवर सगळं तिरकंच लिहिलं जातं. त्याच टेपवर वाजवलं तर कळत नाही. दुसऱ्या सरळ हेडवर वाजवलं की बारीक आवाज गिळले जातात, स, श, बांगड्या, पैंजण, पावसाचा थेंब. म्हणून प्रत्येक घरगुती कॅसेटीसाठी हेडचा स्क्रू कानानं पुन्हा लावावा लागतो. चाचा डोळे मिटून स्क्रू फिरवत होते, एवढा एवढा, आणि एका जागी कानातला मळ काढल्यावर होतं तसं झालं. आज्जीच्या बांगड्या! इतके दिवस मला वाटायचं जात्याच्या त्या तुकड्यात नुसती घरघर आहे. बांगड्या होत्या त्यात, दर फेऱ्याला.

आता अल्बमबद्दल, कारण चाचा एकेक तुकडा ऐकून विचारत गेले की हे कसं केलं रे पोरांनो, आणि मी सांगत गेलो, आणि सांगता सांगता मलाच कळायला लागलं की आम्ही काय करत होतो.

पहिला तुकडा हापसा. मास्तरांच्या आडव्या टेपमध्ये पुसणारं हेड म्हणजे नुसतं लोहचुंबक होतं, रेकॉर्डचं बटण दाबलं की ते पुढं येऊन रिळीला टेकायचं आणि आधीचं पुसायचं. मावसभावानं त्याच्या मागं काडेपेटीची काडी अडकवली. चुंबक पुढं येईना. आधीचं न पुसता वर नवीन भरता यायला लागलं. त्या दिवशी आम्ही दोघं नाचलो. हापशावर हापसा, त्यावर बायकांचं बोलणं, त्यावर घागरीत मारलेली फुंकर, चार थर. गंमत अशी की काडी लावली तरी आधीचं पूर्ण शाबूत राहत नाही, भरणाऱ्या हेडमुळंच ते थोडं थोडं दबत जातं, त्यामुळं पहिला हापसा सगळ्यात लांब ऐकू येतो, गल्लीच्या पलीकडं असल्यासारखा. आम्ही हे ठरवून केलं नव्हतं. चाचा म्हणले ठरवून केलं असतं तर एवढं बरं झालं नसतं.

दुसरा तुकडा गोल फिरणारी रीळ. जुन्या कॅसेटीतनं 24 सेंटीमीटर रीळ कापली, दोन टोकं सेलोटेपनं जोडली, खोक्यात बसवली. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर पळते, म्हणजे पाच सेकंदांत तेच पुन्हा. त्यात पिठाच्या गिरणीचं पुकपुक आणि गिरणीवाल्याचं "कुणाचंय रं हे दळण". पुन्हा पुन्हा, साडेतीन मिनिटं, कुणाचंय रं हे दळण. पहिल्या वीस वेळा विनोद वाटतो, चाळिसाव्याला भीती वाटायला लागते. हा माझा आवडता तुकडा आहे आणि त्या ऑनलाईनवाल्यांनी तो ‘रिपीट एरर’ समजून पाच सेकंदांचा करून पाठवला होता. हसावं का रडावं.

त्या मूळ गोल रिळीचा तुकडा ट्रंकेत वेगळ्या खोक्यात होता, तो बी नेला होता. सेलोटेपचा डिंक पघळून शेजारच्या रिळीला लागला होता. चाचांनी डिंक पुसून जोडायची खरी पट्टी लावली, आणि मला दम दिला की सेलोटेप पुन्हा लावली तर दुकानात येऊ नका.

तिसरा उलटा तुकडा. रिळीला पीळ देऊन उलटी बसवली की पाठ हेडकडं येते, आणि ए बाजू लावली तर बी बाजू उलट्या दिशेनं वाजते, दबक्या आवाजात. आम्हाला वाटलं आम्हीच शोध लावला. त्यात मावसभावानं बी बाजूवर वडलांना शिव्या घातल्या होत्या, गणिताच्या निकालाच्या दिवशीच्या, आणि उलट्या वाजवून अल्बममध्ये घातल्या, कुणाला कळणार नाही म्हणून. चाचांनी लॅपटॉपवर एक बटण दाबून सरळ करून ऐकवल्या. दोघं मनमुराद हसलो. मावसभावाला फोन लावून ऐकवल्या तर तो म्हणला, डिलीट कर बाबा, माझा पोरगा दहावीला आहे.

चौथा, सेल संपत आल्याचा. तवा लाल एव्हरेडीचे सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायचो. अर्धमेल्या सेलांवर मोटर हळू चालते, भरलेलं नंतर लाईटवर वाजवलं की पळतं. तुळजापूरला निघालेल्या आराध्यांचं संबळ आम्ही असंच भरलं आणि ते कॅसेटीत पाखरांच्या थव्यासारखं ऐकू येतं. इथं चाचांनी विचारलं, खऱ्या वेगावर आणू का. मी म्हणलं ह्याचा खरा वेग हाच आहे.

पण बाकीच्या तुकड्यांत वेग कुठला धरायचा हा प्रश्न होताच, आणि त्याचं उत्तर त्यांनी असं काढलं की मी पाया पडायचा राहिलो. लाईटवर भरलेल्या कॅसेटीत विजेची बारीक घरघर बसलेली असते, आपली वीज 50 हर्ट्‌झची. लॅपटॉपवर ती घरघर शोधली तर जात्याच्या तुकड्यात 53 च्या आसपास दिसली. म्हणजे भरताना टेप हळू चालत होता आणि आता सगळं पेटीवरच्या शेजारच्या पट्टीएवढं वर सरकलंय. म्हणून आज्जीचा आवाज मला जरा पोरीसारखा वाटत होता! खाली आणल्यावर बरोब्बर आज्जी. मी म्हणलं चाचा हे तर पुराव्यानिशी झालं. तर म्हणले, "पक्का पुरावा नाही दादा, तवाची लाईट तरी कुठं पन्नासावर टिकायची, एकोणपन्नासच्या खाली बी उतरायची. अंदाज आहे. तुमच्या कानाला पटली ना, झालं." दोन्ही फाईली दिल्या, जशीच्या तशी आणि वेग उतरवलेली.

आता ज्याच्यावरून नाव पडलं तो तुकडा, ए बाजूचा शेवटचा, अकरा मिनिटांचा. संध्याकाळी सातच्या सुमाराला लाईट जायचीच. आम्ही टू-इन-वन लाईटवर लावून त्यावर हापशाचा तुकडा चालू ठेवला आणि शेजारी आडवा टेप सेलांवर रेकॉर्डला लावला, आणि वाट बघत बसलो. तीन दिवस लाईट गेलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा लाईट जात नाही म्हणून आम्ही शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी गेली. टू-इन-वनची मोटर मरताना हापशाचा आवाज घ्यांऽऽव करत खाली खाली जातो आणि थांबतो. मग एक क्षण काहीच नाही. मग सगळ्या गल्लीतनं एकदम "गेलीऽऽऽ". मग कुणाचं तरी काडेपेटी शोधणं, भांडं पडणं, लांबचं कुत्रं. आणि मग सगळ्यात भारी गोष्ट होते. त्या साध्या टेपांमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असते. 1963 ला फिलिप्सनं कॅसेट बाजारात आणली तेव्हा ती मुळात बोललेलं टिपून ठेवायलाच होती आणि ही सोय बी बोलणाऱ्यासाठीच, माणूस हळू बोलला तरी ऐकू यावं म्हणून. पण कुणीच बोलत नसलं तर तो टेप शांततेलाच मोठं करत जातो. रातकिडे हळूहळू वर येतात, वर येतात, शेवटी एवढे मोठे होतात की खोली भरून जाते, मग कुणी खोकलं की एकदम खाली बसतात, आणि पुन्हा वर चढायला लागतात. अंधार श्वास घेतोय असं वाटतं. दहा मिनिटं असंच आहे. शेवटी "आलीऽऽऽ" आणि हापसा खालनं वर येत पुन्हा चालू.

त्या ब्लँकवाल्यांनी ही दहा मिनिटं कापली होती. मला वाटतं माझा एवढा राग का होता ते आता कळलं असंल.

चाचांनी हा तुकडा पूर्ण ऐकला. मधनं एक गिऱ्हाईक आलं, मिक्सरचं, त्याला हातानंच थांब म्हणले.

बी बाजूबद्दल फार बोलत नाही. कॅसिओवर दोन बोटांनी वाजवलेलं आहे, आणि मी केलेली एक कविता भूकंपावर, मोठ्या आवाजात, पोकळ. ती कविता ऐकताना कान गरम झाले माझे. सतरा वर्षांच्या पोरानं दुसऱ्यांच्या दुःखावर एवढी मोठी विशेषणं लावू नयेत. पण कवितेच्या मागं पत्र्यावर पाऊस सुरू होतो आणि हळूहळू मला झाकून टाकतो, तेवढं पावसानं बरं केलं. लातूरच्या छोट्या गाडीचा तुकडा मात्र बी बाजूवर आहे आणि तो चांगला आहे, बार्शी लाईट रेल्वेची ती अडीच फुटी रुळांवरची गाडी, डब्यात बसून भरलेली, रुळाच्या सांध्यावरचं टकटक आणि एका म्हातारीचं "उतरायचं आलं का रे बाळा" हे चारदा. पुढं ब्रॉडगेज झाली, आता ती टकटक नाही, ती म्हातारी बी नसणार.

कॉप्यांचं सांगायचं राहिलं. औशात गाणी भरून देणाराकडं बारा कॉप्या काढायला दिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणला, पोरहो तुमच्या मास्टरमध्येच खराबी आहे, नुसता आवाज येऊलालाय, वाटंल तर ह्याच्यावर नवीन पिच्चरची गाणी भरून देतो त्याच पैशात. हा आमच्या अल्बमचा पहिला आणि तवाचा एकमेव रिव्ह्यू. तरी बारा काढल्या. कान तोडायचे राहिले. एकीवर मामांनी कीर्तन भरलं, एकीवर बहिणीच्या लग्नातल्या मंगलाष्टका आहेत आणि त्या संपल्यावर एकदम "कुणाचंय रं हे दळण" सुरू होतं, लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी वाजवायचे ते, भाऊजींना तेवढंच आवडायचं. बाकीच्या दहांचा पत्ता नाही.

आणि एक गोष्ट, जी चाचांनी दाखवली नसती तर मी खराबीच समजलो असतो. जात्याच्या तुकड्याच्या शेवटी आज्जी म्हणते, "बंद कर की रे आता, काय करूलालाव पोरहो अंधारात." हे वाक्य यायच्या दोन-अडीच सेकंद आधी, अगदी बारीक, तेच वाक्य ऐकू येतं. मी म्हणलं हा इको कसला, आम्ही तर लावला नव्हता. चाचा म्हणले रीळ गुंडाळलेली असती, एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो, वर्षं गेली आणि ऊन लागलं की जास्त. तुम्ही कुठं ठेवली होती? म्हणलं लोखंडी ट्रंकेत, पत्र्याखाली. "मग, औशाचे उन्हाळे काय थोडे झाले." चकतीचा एक वेढा तेवढाच, दोन-तीन सेकंदांचा. म्हणजे ते आम्ही केलेलं नाही, आम्ही कॉलेजला, नोकरीला, लग्नाला इकडं तिकडं गेलो तवा ट्रंकेत आपोआप झालं. काढू का म्हणले. मी मान हलवली, नको.

आता व्यवहार. सी-60 ला 350 रुपये, दोन कॅसेटींचे 700, खोका बदलायचे 100, जोडकामाचे 50, एकूण 850. डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली फाईल देतात, एका कॅसेटीची साधारण एक जीबी, पेन ड्राईव्ह आपला न्यायचा. कुरिअरनं घेत नाहीत, स्वतः यायचं आणि बसायचं, साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटं लागतातच, त्याला शॉर्टकट नाही. मोनो कॅसेट असंल तर आधी सांगा, डाव्या-उजव्यातली जी बाजू स्वच्छ ती घेतात.

तक्रारी. आठ दिवस सांगितले, तेवीस दिवस लागले, म्हणजे माझ्या दोन खेपा झाल्या लातूर-संभाजीनगर, त्याचं भाडं कामापेक्षा जास्त. फोन उचलत नाहीत, उचलला तर ऐकू येत नाही म्हणतात, आणि हाच माणूस रिळीवरची बांगडी ऐकतो, हे मला अजून झेपलेलं नाही. फोनपे नाही, रोख पैसे. शुक्रवारी बंद. गाडी लावायला जागा नाही, पैठण गेटकडं लावून चालत या. आणि फाईलींना नावं देताना माझ्या अल्बमचं नाव ‘लाईट गई’ केलंय, सांगितलं तर म्हणले एकच आहे की.

एकच नाही हो. पण राहू दिलं.

एक स्टार त्या तेवीस दिवसांचा कापलाय. ट्रंकेत अजून एक कॅसेट आहे, मावसभावाच्या अक्षरात ‘भाग 2 – रफ’ लिहिलेली. मला तर भाग 2 केल्याचं आठवतच नाही, त्याला बी नाही. उन्हाळा लागायच्या आत घेऊन जाणार आहे.